कोठीघर

मुंज अर्चिसची. मुहूर्त दहा बावीसचा.
मी नऊला रिक्षात बसले, कर्वे रोडला उतरले,
आणि आहेराचं पाकीट
रिक्षातच बसून कोथरूड डेपोला गेलं.

इथपर्यंत ठीक. याची सवय आहे.
किल्ल्या फ्रीजमध्ये सापडतात, चष्मा डब्याच्या पिशवीत.
गेल्या मंगळवारी दूध गॅसवर ठेवलं
आणि सहज नळाची तोटी घासायला घेतली,
जुन्या टूथब्रशनं, पावणेदोन तास.
दुधाचं काय झालं ते पातेल्याला विचारा.

कार्यालयात मात्र
सनई स्पीकरमध्ये, स्पीकर खांबाला, खांब माझ्या पाठीला.
अत्तर, मठ्ठा, कोऱ्या साड्यांची खळ,
फोटोग्राफरचा दिवा थेट बुबुळात,
"ओळखलंस का मला?" विचारणाऱ्या सात मावश्या,
त्यातल्या दोघींचे हात माझ्या दंडावर,
आणि ब्लाउजची जर मानेवर सारखी
किर्र किर्र
कुणी माझंच नाव चुकीचं घेत राहावं तशी.

काय होतंय ते सांगायला जावं
तर शब्दच आधी उठतात,
भरल्या पंगतीतून, न जेवता.

गेल्या वर्षी, एकोणचाळिसाव्या वर्षी,
प्रभात रोडवरच्या डॉक्टरबाईंनी
एका कागदावर दोन नावं लिहून दिली.
ऑटिझम म्हणतं, वाटी वाटीच्या जागी हवी.
एडीएचडी तीच वाटी घेऊन गच्चीत जातं
आणि कबुतरांच्या मानेवरचे रंग मोजत बसतं.
आई म्हणाली, नाव ठेवल्यानं पोर बदलतं का?
नाही बदलत.
पण हाक तरी नीट मारता येते.

भोसरीच्या लॅबमध्ये मी वजनं तपासते.
आमचा सगळ्यात चांगला तराजू
मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा ओळखतो,
म्हणूनच तो काचेच्या पेटीत असतो.
कुणी दार आपटलं, कुणी नुसतं शिंकलं,
की आकडे सैरावैरा.
तेव्हा त्याला कुणी म्हणत नाही,
किती मनाला लावून घेतोस रे!
आम्ही पंखा बंद करतो. काच सरकवतो.
थांबतो.

वैजयंतीच्या लग्नात मी बाथरूममध्ये
नळ सोडून रडले होते. आज नाही.
मुहूर्ताला अकरा मिनिटं उरली असताना
मुठीत अक्षता तशाच धरून
बटाट्याच्या पोत्यांच्या वासामागे गेले.

जिन्याखाली कोठीघर. तेलाचे डबे, एकच मिणमिणता दिवा,
आणि छबूबाई, लसूण सोलत.
त्यांनी वर पाहिलं.
मला काही विचारलं नाही, हे मी
कधी तरी कुठे तरी लिहून ठेवणार आहे.
"बस," म्हणाल्या,
आणि सूप पायानं पुढे सरकवलं.

लसणाचं बरं असतं.
पाकळीचं काम पाकळीपुरतं.
एकविसाव्या पाकळीला बोटं परत आली,
चाळिसाव्याला खांदे कानांपासून खाली उतरले.
मग मोजायचं विसरले, आणि चालून गेलं.
भिंतीपलीकडून "सावधान" आलं,
मऊ होऊन आलं.
जन्मभर सावधानच तर आहे मी, म्हटलं,
आणि घामानं चिकटलेल्या अक्षता
सुपावरच टाकल्या.
छबूबाई हसल्या. "लागलं बाई लसणाचं लगीन."

नंतर भिक्षावळ. रांगेत मी शेवटची.
अर्चिस समोर आला, नवं सोवळं, गुळगुळीत डोकं,
एका हातात झोळी,
दुसऱ्या हाताचं बोट कानात, खोलवर.
त्याची आई ते बोट काढत होती,
तो पुन्हा घालत होता.

माझ्याकडे पाकीट नव्हतं.
मी खाली वाकले, त्याला हात न लावता,
लसणाच्या वासासकट,
आणि दुसऱ्या कानाशी हळू म्हणाले:
जिन्याखाली, डाव्या हाताला.
तिथं पंखासुद्धा बंद आहे.